पृथ्वीचा गाभा उलटा फिरायला लागलाय म्हणे. जाणकारांनी सांगा

मांजराकाठ (लातूर)

परवा रात्री साडेअकराला सास्तूरकडच्या मावशीचा फोन आला. एवढ्या रात्री तिचा फोन म्हणजे छातीत धस्स होतं.

"आरं लेकरा, पिरथिमी आतून उलटी फिरलालीय म्हणं. नातवाच्या मोबाइलवर आलंय. आता परत तसं व्हतंय का काय?"

'तसं' म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणी विचारत नाही. १९९३ ची अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी माळवदं खाली आली. मावशीला पुनर्वसनात पक्कं घर मिळालंय, पण पावसाळा सोडला तर ती अजून अंगणात बाज टाकूनच झोपते.

मेसेज मागवून घेतला. "शास्त्रज्ञांचा गंभीर इशारा! पृथ्वीचा गाभा थांबला, उलट दिशेने फिरू लागला, महाभूकंप अटळ!" खाली हात जोडलेली सहा चित्रं आणि 'पुढे पाठवा'. तिला म्हणालो, झोप, काही होत नाही. पण खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नाही. तीन प्रश्न आहेत. गाभा फिरतो म्हणजे नक्की काय फिरतं? ते कुणी आणि कसं बघितलं? आणि त्याचा आपल्या भूकंपांशी संबंध आहे का?

इथं बरेच शिकलेले लोक आहेत. मावशीला सांगता येईल असं सांगा.

---

चहाटळ (बीड)

आमच्या गल्लीत नळाचं पाणी थांबून पंधरा दिवस झाले, त्याचा मेसेज कुणी पुढे पाठवत नाही. (हलके घ्या.)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

खडकफोड्या (औसा)

माझ्या बोअरच्या दोन गाड्या आहेत, चौदा वर्षांचा धंदा. वर मुरूम, मग काळा पाषाण, मधेच लाल गेरू लागतो, बीटवर लाल पीठ उडतं, की परत काळा पाषाण. किल्लारीच्या शिवारात एका मालकाच्या हट्टापायी ९०० फूट गेलो. पाणी नाही, नुसती भुकटी. काळ्या पाषाणाचा तळ काही मला दिसला नाही. आणि हे लोक पाच हजार किलोमीटर खालचं सांगतात? पाणाड्याचा नारळ बरा, तो निदान जाग्यावर उभा तरी राहतो.

---

रेणुका (परभणी)

खडकफोड्या भाऊ, न बघता आतलं कळू शकतं. माझी आजी कणगीला बाहेरून थाप मारायची. खालून वर मारत यायची आणि आवाज बदलला की तिथं बोट ठेवायची: "इथवर ज्वारी हाय." झाकण काढून बघितलं तर चार बोटांचा फरक नसायचा. भूकंपाच्या लहरींवरून आतलं ओळखतात ते असंच, एवढं मी वर्गात सांगते. पण गाभा फिरतोय हे थापेवरून कसं कळलं, ते मला सांगता येत नाही.

---

कंपनलेखक (मूळ नांदेड, सध्या हैदराबाद)

रोजचं काम भूकंपांच्या नोंदी वाचण्याचं आहे, म्हणून लिहितो. लांबेल.

आधी खडकफोड्यांसाठी. ९०० वर थांबलात, दोनशे फूट आणखी जायला हवं होतं! भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीला ६१७ मीटरचं छिद्र घेतलं. ३३८ मीटरवर, म्हणजे तुमच्या हिशोबानं अकराशे फुटांवर, काळा पाषाण संपला. खाली थोडा गाळाचा थर आणि मग लाव्हा येण्याच्या कितीतरी आधीचा जुना खडक.

आता पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. समजा तो हजार फुटांचा बोअर आहे. किल्लारीचं ते छिद्र या बोअरमध्ये सव्वा इंच. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला तीन किलोमीटर खणलं, ते साडेपाच इंच. माणसानं आजवर सगळ्यात खोल खणलं ते रशियात कोला इथं, १२,२६२ मीटर. ते दोन फूटही भरत नाही. साडेचारशे फुटांपर्यंत दगडच दगड. मग एकदम पातळ लोखंड लागतं, वितळलेलं, पाण्यासारखं वाहतं. आणि आठशे फुटांवर पुन्हा घट्ट. तिथून तळापर्यंत लोखंडाचा घट्ट गोळा, थोडं निकेल मिसळलेला. तो आतला गाभा. खऱ्या मापात ५१५० किलोमीटर खोल, त्रिज्या साधारण १२२०. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरला जाता ना, दोनेक हजार किलोमीटर? गोळ्याचा व्यास त्याहून थोडा जास्त.

कणगीचं उदाहरण रेणुकाताईंनी फार नेमकं दिलंय. आमची थाप म्हणजे भूकंप. मोठा भूकंप झाला की लहरी सगळ्या पृथ्वीतून जातात आणि जगभरच्या यंत्रांवर उमटतात. एक लहर दाबत-दाबत जाते, ती घट्टातूनही जाते आणि पातळातूनही. दुसरी आडवी हलत जाते, तिला पातळातून जाता येत नाही. या दोन लहरी नोंदींत वेगळ्या ओळखणारा माणूस आपल्याकडचाच म्हणायला हवा: रिचर्ड ओल्डहॅम, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होता. १८९७ चा आसामचा भूकंप अभ्यासताना त्याला त्या सापडल्या. पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा आहे हे लहरींवरून त्यानंच दाखवलं. तो गाभा पातळ आहे, हे १९२६ मध्ये जेफ्रीज या इंग्रज शास्त्रज्ञानं सांगितलं.

त्या पातळात परत घट्ट गोळा आहे हे मात्र एका बाईनं शोधलं. इंगे लेहमान, डेन्मार्कच्या. १९२९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला. पातळ गाभ्यामुळे लहरी वाकतात, त्यामुळे पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला एका पट्ट्यात त्या पोचायलाच नकोत, सावली पडावी तसं. लेहमानबाईंना त्या सावलीत बारीक लहरी दिसल्या. इतरांनी त्या काही ना काही कारण सांगून सोडून दिल्या होत्या. बाईंनी आकडेमोड केली, आत आणखी एक गोळा धरला, आणि सगळं जुळलं. १९३६ चा त्यांचा शोधनिबंध आहे, त्याचं शीर्षक एकच अक्षर: पी, वर एक छोटी रेघ. नोंदींची पुठ्ठ्याची कार्डं त्या ओटमीलच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायच्या. १०४ वर्षं जगल्या. गोळा घट्टच आहे यावर १९७१ मध्ये पक्कं शिक्कामोर्तब झालं, तेही मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी घुमत राहते त्या घुमण्यावरून.

फिरण्याचं रात्री लिहितो. मीटिंग आहे.

---

चहाटळ (बीड)

शीर्षक एक अक्षर! आमच्या इथं उद्घाटनाच्या पत्रिकेवर नावंच चाळीस असतात.

---

पॅनमन (लातूर जिल्हा)

साखर कारखान्यात पॅनवर आहे, म्हणजे उसाचा रस आटवून साखर धरायच्या मोठ्या भांड्यावर, बावीस वर्षं झाली. एक अडतंय. लोखंड दीड हजार अंशांना वितळतं. आत पाच-सहा हजार अंश आहेत असं वाचलं. मग बाहेरचं पातळ आणि त्याहून गरम मधलं घट्ट? आमच्या पॅनमध्ये असं उलटं झालं तर चीफ केमिस्ट घरी पाठवील.

---

कंपनलेखक

पॅनमन, तुमच्याकडं पॅनला व्हॅक्यूम का लावतात? दाब कमी केला की रस कमी उष्णतेत उकळतो, साखर करपत नाही. म्हणजे दाबानं पदार्थाची वागणूक बदलते हे तुम्ही रोज बघता. हे त्याचंच दुसरं टोक. पृथ्वीच्या मधोमध हवेच्या दाबाच्या ३५ लाख पटींहून जास्त दाब आहे. त्या दाबात लोखंडाचा वितळबिंदूच पाच-सहा हजार अंशांवर जातो. खोल जाऊ तशी उष्णता वाढते, पण वितळबिंदू त्याहून जोरात वाढतो, म्हणून मध्यात तो उष्णतेच्या पुढे निघून जातो. पृथ्वी हळूहळू निवतेय, आणि तिचा गाभा आतून बाहेर गोठत चाललाय. वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी.

---

पॅनमन

म्हणजे दाणा धरल्यासारखंच की! पॅनमध्ये दाणा धरला की तो स्वतःवर शुद्ध साखरच चढवतो, घाण बाहेर ढकलतो. ती मळीत जाते. तिथं लोखंडाची मळी कुठं जाते?

---

कंपनलेखक

हा प्रश्न मी व्हायव्हात विचारतो आणि पोरं गप्प बसतात.

पातळ गाभ्यात नुसतं लोखंड नाही. ऑक्सिजन, सिलिकॉन, गंधक असली हलकी मूलद्रव्यंही आहेत. त्यातलं कोण किती यावर अजून भांडणं आहेत. गोळ्यावर लोखंड गोठतं तेव्हा हलक्यातलं बरंच बाहेर ढकललं जातं. तुमची मळी तिथं खाली बसत नाही, हलकी म्हणून वर चढते. शिवाय गोठताना उष्णता सुटते. या दोन्हींनी वरचं पातळ लोखंड ढवळत राहतं, पृथ्वीच्या फिरण्यानं त्या प्रवाहांना पीळ पडतो, आणि वाहत्या लोखंडातून वीज फिरून चुंबकत्व तयार होतं. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते ती या मळीच्या जोरावर. गोळा धरायच्या आधी चुंबकत्व नुसत्या निवण्यावर चालत असावं. गोळा कधी धरला? काही जण ५०-६० कोटी वर्षं म्हणतात, काही त्याच्या दुप्पट.

---

रेणुका (परभणी)

पॅनमन दादा, तुमचं उदाहरण उद्याच्या तासाला वापरते. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप तोडीला जातात. उसाचं उदाहरण दिलं की पोरं मान वर करतात.

---

कंपनलेखक

आता मावशींचा प्रश्न.

आतला गोळा पातळ लोखंडात तरंगल्यासारखा आहे, दगडाला कुठंही चिकटलेला नाही. त्यामुळे तो पृथ्वीबरोबर फिरत असला तरी अगदी त्याच गतीनं फिरायला बांधील नाही. चुंबकत्व त्याला एकीकडे ओढतं, वरच्या दगडाचं गुरुत्व दुसरीकडे.

१९९६ मध्ये साँग आणि रिचर्ड्स या दोघांनी दाखवलं की गोळा आपल्यापेक्षा किंचित पुढे पळतोय. अटलांटिकच्या दक्षिण टोकाला साउथ सँडविच नावाची बेटं आहेत. तिथल्या भूकंपांच्या लहरी अलास्कात पकडायच्या, वाटेत गाभा लागतो. तीस वर्षांच्या नोंदी लावल्या तर गाभ्यातून येणारी लहर दरवर्षी थोडी लवकर येत होती. त्यांनी वर्षाला अंशभर पुढे असा हिशोब काढला. नंतर मोजलं तसा तो आकडा कमी कमी होत गेला.

पक्का पुरावा जुळ्या भूकंपांचा. एकाच जागी, एकाच जोराचा भूकंप काही वर्षांनी पुन्हा होतो. तीच थाप, तीच कणगी, आवाज तोच यायला हवा. गोळ्याला न शिवता गेलेल्या लहरी तंतोतंत जुळतात, कागदावर कागद ठेवल्यासारख्या. गोळ्यातून गेलेल्या मात्र थोड्या वेगळ्या निघतात. म्हणजे कणगी तीच, आतलं काहीतरी हललं.

२०२३ च्या जानेवारीत यांग आणि साँग यांनी लिहिलं की २००९ च्या सुमारास हा फरक पडायचा जवळजवळ थांबला. बातम्यांत 'गाभा थांबला' आलं ते यावरून. २०२४ मध्ये वँग आणि व्हिडाल यांनी साउथ सँडविचचेच १९९१ ते २०२३ मधले १२१ पुनःपुन्हा होणारे भूकंप तपासले. त्यांना दिसलं की आधीच्या वर्षांत आवाज बदलत गेला, २००८ नंतर तो उलट्या क्रमानं परत जुन्या आवाजाला येऊन जुळला. म्हणजे गोळा पुढे गेला होता तो त्याच वाटेनं मागं आला, आणि येताना जातानापेक्षा दोन-तीन पट सावकाश.

आता 'मागं आला' याचा अर्थ नीट ऐका. गोळा आजही आपल्यासारखाच पश्चिमेकडून पूर्वेकडे, दिवसाला एक फेरी मारतोय. वारीत पालखीबरोबर दोन दिंड्या चालल्यात, एक जराशी पुढे निघाली, मग तिचे टाळकरी दमले, आता दुसरीच्या मानानं ती मागं पडतेय. ती पंढरपूरकडे पाठ करून निघाली असं कुणी म्हणेल का? हा फरकही वर्षाला अंशाचा बारीक तुकडा. दिवसाची लांबी यानं बदलली तर सेकंदाच्या हजाराव्या भागात.

---

शंकासुर (छत्रपती संभाजीनगर)

छान लिहिता, पण एकच बाजू मांडताय. गोळा फिरतच नाही, त्याचा पृष्ठभागच जागोजाग बदलतो आणि लहरींमधला फरक त्यामुळे पडतो, असंही काही शास्त्रज्ञ म्हणतात ना? मग हे 'दाखवलं', 'दिसलं' कशाला? 'असं त्यांचं मत आहे' म्हणा.

---

कंपनलेखक

शंकासुर, बरोबर पकडलंत. ते मत बरंच जुनं आहे आणि टाकाऊ नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत व्हिडाल यांच्याच गटानं लिहिलं की गोळा परत त्याच जागी आलेला असतानाही काही लहरी जुळत नाहीत, म्हणजे पृष्ठभागाजवळ आकारही बदलत असावा, बाहेरच्या पातळ लोखंडाच्या ओढीनं. त्यामुळे आज माझं मत असं की दोन्ही होतंय. पुढं-मागं होण्याला किती वर्षं लागतात यावरही एकमत नाही. साँग यांचा गट सत्तर वर्षं म्हणतो, दुसऱ्यांचा आकडा सहाच वर्षांचा आहे. माझा स्वतःचा सत्तरवर विश्वास बसत नाही, नोंदीच पुरेशा जुन्या नाहीत.

गोळा आतून एकसारखाही नाही. लहर ध्रुवाकडून ध्रुवाकडे गेली तर सुमारे तीन टक्के जलद जाते, विषुववृत्ताच्या दिशेनं सावकाश. बाभळीच्या ओंडक्याला रेषेच्या बाजूनं ठोकलं तर ठोका जलद पोचतो, आडवं ठोकलं तर उशिरा, तसं. लोखंडाचे स्फटिक एका दिशेनं लागलेले असावेत. त्यातही पूर्व अर्ध वेगळं, पश्चिम अर्ध वेगळं. आणि २०२३ मध्ये कॅनबेराच्या दोघांनी, फाम आणि ट्काल्चिच यांनी, व्यासावरून पाच-पाच वेळा येरझाऱ्या घातलेल्या लहरी पकडल्या, आणि अगदी मधोमध साडेसहाशे किलोमीटर त्रिज्येचा आणखी एक वेगळ्या धाटणीचा गोळा असल्याचं मांडलं.

---

वसमतकर

आमच्या हिंगोलीकडं जमिनीतून गूढ आवाज येतात. पांगरा शिंदेचं नाव तर सगळ्यांनी ऐकलं असेल. मार्च २०२४ ला ४.५ चा भूकंप झाला, जुलैत परत ४.५. पत्रे वाजले, पोरं शाळेतून पळाली. लोक म्हणतात आतला गोळा फिरतो त्याचाच आवाज.

---

कंपनलेखक

वसमतकर, हजार फुटांच्या बोअरवर परत या. तुमच्याकडचे धक्के वरवरचे, दहा किलोमीटरच्या आसपासचे. म्हणजे दीड फूट. गोळा आठशे फुटांवर, मध्ये साडेतीनशे फूट पातळ लोखंड. गोळा किंचित पुढेमागे झाला म्हणून पातळ लोखंड वरच्या दगडाला ढकलत नाही, ते नुसतं बाजूला सरकतं. आपल्याकडचे भूकंप होतात ते भारताचा अख्खा तुकडा उत्तरेला आशियात घुसतोय त्या दाबानं. हा दाब इथल्या खोल जुन्या भेगांवर साचतो आणि कधीतरी सुटतो. किल्लारीचंही तेच. आवाज येतो तो उथळ धक्क्याची लहर जमिनीतून हवेत निघते म्हणून. घाबरायचं कारण नाही असं मी म्हणणार नाही. मातीत रचलेली दगडी भिंत आणि वर माळवद असेल तर ४.५ लाही जपायला हवं. पण गाभ्याला दोष देऊ नका, तो बिचारा यात नाही.

---

चहाटळ (बीड)

गाभ्याला क्लीन चिट!

अवांतर: चुंबकाचे ध्रुव उलटणार अशीही एक पोस्ट फिरतेय. ती याच धाग्यात उरकून घ्या.

---

कंपनलेखक

चुंबकत्व पातळ गाभ्यात तयार होतं आणि ते अनेकदा उलटलंय. शेवटचं ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. खडकफोड्या ज्या काळ्या पाषाणात बीट घालतात तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवताना त्यातल्या लोहकणांनी त्या वेळच्या चुंबकाची दिशा धरून ठेवली, आणि दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग उलटी दिशा दाखवतो. त्यावरून हेही कळतं की तो लाव्हा ओतला जात होता तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. म्हणजे गाभ्याचा दाखला हवा तर तो औशाच्या शेतातल्या भुकटीतही आहे.

---

खडकफोड्या (औसा)

चौदा वर्षं ती भुकटी तोंडात गेली, कुणी सांगितलं नाही.

माझा पाणाड्यावरचा शब्द मागं घेतो. अर्धाच.

---

सास्तूरकर

कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. एक विचारायचंय. त्या पहाटेच्या आपल्या भूकंपाच्या लहरीही त्या गोळ्यातून गेल्या असतील का?

---

कंपनलेखक

गेल्या. ६.२ चा होता, जगभर नोंदला गेला. इथून पृथ्वीच्या पोटातून सरळ पार गेलं तर आपण पॅसिफिक महासागरात निघतो, ईस्टर बेटाच्या उत्तरेला हजारेक किलोमीटरवर. तिथं पोचायला लहरीला वीस मिनिटं लागतात. दगड, पातळ लोखंड, मधला गोळा, परत पातळ लोखंड, परत दगड.

---

सास्तूरकर

म्हणजे ४ वाजून १६ मिनिटांनी.

तेव्हा आमच्या गल्लीत अजून धूळच बसली नव्हती. आप्पा नुसता आवाज देत होते, कोण कुठं आहे ते. उजाडेपर्यंत एकच बॅटरी होती.

वीस मिनिटांत पलीकडं. मदत यायला आम्हाला दुपार झाली.

---

रेणुका (परभणी)

🙏

---

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. सास्तूरकर, खासगी निरोप केलाय, बघा. बहुतेक आपण एकाच गल्लीतले निघू.

रविवारी मावशीकडं जाऊन आलो. कणगीचं सांगितलं, ते तिला लगेच पटलं. दोन दिंड्यांचंही पटलं. मळी वर चढते हे काही पटलं नाही, मळी कुठं वर चढती का म्हणाली. मेसेज तिच्या नातवाकडून पुसून घेतला. बाज अंगणातच आहे, ती हलवा असं मी म्हणालोही नाही.

निघताना मात्र तिनं एक विचारलं आणि मी अडकलो. "आत एवढं गरम हाय म्हणून हिवाळ्यात हिरीचं पाणी कोमट लागतंय का रं?"

---

कंपनलेखक

नाही, त्याचा गाभ्याशी काही संबंध नाही. विहिरीचं पाणी वर्षभर जवळपास सारखंच असतं, हिवाळ्यात बाहेरची हवा गार होते म्हणून ते कोमट वाटतं. उनपदेवच्या झऱ्यासारखे खरे गरम झरे ही वेगळी गोष्ट, पण ते इथं नको. नवा धागा काढा, मी येतो.